गहाणखत टाळायला सांगणारा संदेश आणि जुन्या अमेरिकेतील पाणचक्क्या

माझ्या मामांनी गावठाणातील घर आणि त्याला लागून असलेली पिठाची गिरणी तारण ठेवून बँकेचे कर्ज घ्यायचे ठरवले होते. कागदपत्रे तयार झाली आणि ऐन वेळी त्यांनी माघार घेतली, कारण व्हॉट्सॲपवर त्यांना एक लांबलचक संदेश आला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सुरुवातीच्या अमेरिकेत कोणी घर किंवा गिरणी गहाण ठेवीत नसे, ‘मॉर्गेज’ म्हणजे ‘मृत्यूचा करार’ असून सही होताच मालमत्ता सावकाराची होते, आमचा पैसा बिनव्याजी आहे म्हणून आमच्याकडे बेकारी नाही, असे बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमध्ये सांगितले होते, तो पैसा इंग्लंडने बंद केला म्हणून क्रांती झाली, आणि म्हणून शहाण्याने गहाणखत नोंदवू नये, जुन्या अमेरिकनांप्रमाणे शब्दावर व्यवहार करावा. शब्दावर पैसे देणारा एक गृहस्थ मामांना लगेच भेटलाही. त्याची अट एवढीच होती की, घराचे आणि गिरणीचे साधे खरेदीखत आत्ता करून द्यायचे आणि पैसे फिटले की तो सारे ‘परत करून देणार’.

फ्रँकलिनपासूनच सुरुवात करतो, कारण साऱ्या संदेशाला वजन त्याच्या नावाने आले आहे. ते वाक्य त्याच्या छापील लेखनात नाही आणि पत्रांतही नाही. त्याने खरोखर काय लिहिले ते मात्र सहज वाचता येते. १७२९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका छापली आणि तीत जमिनीच्या तारणावर काढलेल्या नोटा म्हणजे ‘नाणे पाडलेली जमीन’ असल्याचे म्हटले. म्हणजे ज्या पैशाचे गोडवे हा संदेश गातो, तो पैसा गहाणखतांतूनच जन्माला येत होता. पेनसिल्व्हेनिया या अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतीने १७२३ मध्ये सरकारी कर्जकचेरी उघडली, आधी १५,००० आणि त्याच वर्षी पुढे आणखी ३०,००० पौंडांच्या नोटा काढल्या, आणि त्यांतील बराचसा पैसा किमान दुप्पट किमतीची स्थावर मालमत्ता गहाण घेऊन लोकांना कर्जाऊ दिला. व्याज होते दरसाल ५ टक्के. मुद्दल हप्त्याहप्त्याने परत करायचे आणि हप्ते थकले तर कचेरीने तारण विकायचे, अशी ती व्यवस्था होती. व्याजाच्या उत्पन्नातून वसाहतीचा सरकारी खर्च भागत असे, त्यामुळे ‘बिनव्याजी’ हा शब्द कोणत्या कल्पकतेने सुचला असेल ते कळत नाही. (त्या पुस्तिकेनंतर नोटा छापण्याचे किफायतशीर काम आपल्याला मिळाले, हे फ्रँकलिनने आत्मचरित्रात स्वतःच सांगितले आहे, ती पुस्तिका वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.)

‘सही होताच मालकी गेली’ या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. त्या काळच्या इंग्रजी पद्धतीच्या गहाणखतात मालकी कागदोपत्री खरोखरच ऋणकोकडून धनकोकडे जात असे, आणि खाली अट असे की, ठरल्या दिवशी रक्कम फेडल्यास हा दस्त रद्द समजावा. परंतु घरात राहायचा आणि पाणचक्की चालवायचा तो सामान्यतः ऋणकोच. शिवाय मुदत टळली तरी पैसे भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा त्याचा हक्क इंग्लंडच्या न्यायालयांनी सतराव्या शतकातच मान्य केला होता. ‘मृत’ या शब्दाचा खुलासाही जुन्या इंग्रज कायदेपंडितांनी केलेला आहे : पैसे न फेडल्यास जमीन ऋणकोला मेली, फेडल्यास तारण धनकोला मेले. यात माणूस कुठेच मरत नाही.

सर्वांत घातक सल्ला नोंदणी टाळण्याचा आहे आणि तो नेमका जुन्या अमेरिकेच्या नावावर खपवला जातो, याचा मला विशेष संताप येतो. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १६४० मध्येच ठरवले होते की, मालमत्ता देणाऱ्याच्याच ताब्यात राहत असेल, तर तिचे गहाण किंवा विक्री दप्तरी नोंदवल्याखेरीज तिऱ्हाइतांवर बंधनकारक होणार नाही. घरा-जमिनीत कोणाचा किती हक्क अडकला आहे ते व्यवहार करणाऱ्याला कळावे आणि फसवे दस्त थांबावेत, हा हेतू त्या आदेशातच नमूद आहे. सातबाऱ्यावर बोजा चढवण्यामागे आपल्याकडे जो विचार आहे तोच हा. शब्दावर विसंबणारे लोक असला कायदा कशाला करतील?

गिरणीविषयी बोलायचे तर, पाणचक्की गहाण ठेवताना दस्तात बांध, पाट, पाण्याचा हक्क, जाती आणि यंत्रसामग्री यांचा उल्लेख करण्याची पद्धत होती, कारण पाण्याच्या हक्काशिवाय उरते ती रिकामी इमारत. जाते टाकी लावण्यासाठी जागेवरून हलवले तरी ते गिरणीचाच भाग राहते, असा इंग्रजी कायद्यातला जुना नियमच आहे. शहरी मालमत्तेचे उदाहरण बोस्टनचे. १७४० मध्ये तेथे काही लोकांनी खासगी भूमी-बँक काढली; सभासदांनी जमीन गहाण ठेवून ३ टक्के व्याजाने तिच्या नोटा घ्यायच्या होत्या. ब्रिटिश संसदेने १७४१ मध्ये ती बंद पाडली आणि तिच्या देण्यांची जबाबदारी संचालकांच्या खासगी मालमत्तेवर आली. त्यांपैकी सॅम्युएल ॲडम्स यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७५८ मध्ये, त्यांचे राहते घर, माल्टचे (मद्यासाठी मोडवलेल्या धान्याचे) कोठार आणि जहाजांचा धक्का लिलावात काढण्याचा प्रयत्न झाला. तो त्यांच्या मुलाने, म्हणजे पुढे क्रांतीत गाजलेल्या सॅम्युएल ॲडम्सनेच, हाणून पाडला. कर्जाची ही दुनिया भाबडी तर नव्हतीच, निर्दयही होती. १७३२ च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींत साध्या कर्जापोटीही जमीन, घरे आणि गुलाम केलेली माणसे जप्त करून विकता येत होती, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या खुद्द टॉमस जेफरसनने १७९६ मध्ये अशी माणसे डच सावकारांकडे गहाण टाकली होती.

क्रांतीच्या कारणाबद्दल एवढेच की, वसाहतींच्या कागदी नोटांवर निर्बंध घालणाऱ्या १७६४ च्या ब्रिटिश चलन कायद्याविरुद्ध त्यांची तक्रार खरी होती. पण ती अनेक तक्रारींपैकी एक होती.

राहिला मामांचा व्यवहार. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याच इंग्रजी परंपरेतून आलेला आहे आणि गहाण सोडवण्याचा हक्क त्यातही आहे. परंतु १९२९ च्या दुरुस्तीनुसार, मालमत्ता परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही, तो विक्रीच ठरतो. ती अट खरेदीखतातच लिहून द्या, असे मामांनी परवा त्या गृहस्थास सांगितले. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.