इन्सुलिनने मेंदू सुकत नाही

परवा रात्री मावशीने इन्सुलिन घेतलंच नाही. कारण तिला आलेला मेसेज : 'इंजेक्शनच्या इन्सुलिनने मेंदू सुकतो, स्मरणशक्ती जाते. अल्झायमर म्हणजे टाइप ३ डायबेटिस. इन्सुलिन आणि साखर दोन्ही आजच बंद करा.' सकाळी तिची उपाशीपोटीची साखर ३२० होती. म्हणून हे लिहितोय.

'इंजेक्शनने स्मरणशक्ती जाते.' १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका सगळ्यात जास्त दिसला होता, हे खरं. पण इन्सुलिनवर सहसा कोण जातं? ज्यांचा मधुमेह जुना आहे, गोळ्यांना दाद देत नाही, तेच. दोष इन्सुलिनचा की मुरलेल्या आजाराचा, हे अशा पाहणीतून कळत नाही. ते कळण्यासाठी 'ओरिजिन' चाचणी बघा. १२,५३७ माणसं, बहुतेकांचा मधुमेह सुरुवातीच्या टप्प्यातला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले : एकाला रोज ग्लार्जिन इन्सुलिन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. ६ वर्षांहून जास्त काळ हे चाललं. स्मृती-आकलनाच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. मेंदू सुकवणारं औषध ६ वर्षं रोज टोचल्यावर काहीच दिसू नये?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. साखर फार खाली जाणं, म्हणजे हायपो, मेंदूला बाधतं. वारंवार हायपो होत असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा. आपल्या मनाने बंद करायचा नाही.

'टाइप ३ डायबेटिस' हे नाव २००५ मध्ये काही संशोधकांनी सुचवलं. ते अधिकृत निदान नाही. त्यामागचा विचार असा की अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे तिथे इन्सुलिनचं काम कमी पडतंय. त्यावरून 'इन्सुलिन बंद करा' कसं निघतं? उलट नाकातून इन्सुलिन देऊन स्मृती सुधारते का, हे संशोधकांनी तपासलं. २०२० मधल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

साखरेचं काय? गोड कमी खा, चांगलंच आहे. पण त्याने इन्सुलिनची गरज संपत नाही.

मावशीचा शेवटचा प्रश्न होता, 'मग मी हल्ली नावं का विसरते रे?' ती वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेते, आणि त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ते कमी पडलं तरी विसरायला होतं. सोमवारी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला रक्त देणार आहोत. काल रात्रीचा डोस तिने माझ्यासमोर घेतला.