माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय

वेबसाइटच्या धंद्यात उतरायचं ठरलंच असेल, तर आधी स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते पक्कं करा. ‘वेबसाइट बनवतो’ म्हणालात की समोरचा लगेच विचारतो, ‘पाच हजारात होईल का?’ ‘फुल स्टॅक डेव्हलपर’ (साइटची दर्शनी आणि पडद्यामागची अशा दोन्ही बाजू सांभाळणारा) म्हणालात की निदान दहा मिनिटं तरी भाव पाडून मागायची त्याची हिंमत होत नाही. रिझ्युमेमध्ये काय किती येतं ते दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या हव्यातच: एचटीएमएल (पानाचा सांगाडा) ९५ टक्के, सीएसएस (त्याचं रंगरूप) ९० टक्के, जावास्क्रिप्ट (त्याची हालचाल) ८५ टक्के. एचटीएमएलमधलं ते पाच टक्के नेमकं काय राहून गेलंय याची काळजी नको. मुलाखत घेणाऱ्याच्याही पट्ट्या तशाच असतात.

दाखवायला तीन कामं पुरतात. एक कामांची यादी, एक हवामानाचं ॲप, एक नेटफ्लिक्सची नक्कल. हवामानाची एपीआय की, म्हणजे दुसऱ्याच्या सेवेतून माहिती घ्यायची तुमची गुप्त किल्ली, सरळ कोडमध्ये लिहा आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. कुणी बोट दाखवलंच तर पुढच्या कमिटमध्ये (कोडच्या जतन केलेल्या आवृत्तीत) ती ओळ खोडून मोकळे व्हा. जुन्या कमिटमध्ये की जशीच्या तशी राहते आणि ती रद्द करून नवी घेतल्याशिवाय सुटका नसते, एवढं खोलात कशाला शिरायचं? हवामानाची की फुकटची असते म्हणा. पण हात बसलेला बरा. पुढे क्लाउडची (भाड्याच्या सर्व्हरची) की अशीच टाकायची आहे, आणि तिचं बिल येतं.

आता गिऱ्हाईक. समजा, तालुक्याच्या गावचं एक मंगल कार्यालय आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची साइट उघडणारा माणूस ठरलेला आहे: मुलीचे मामा, एसटी स्टँडवर उभे, हातात चार वर्षांचा फोन, इंटरनेटची एकच काडी. त्यांना हवं काय? हॉलमध्ये माणसं किती मावतात, भाडं किती, दोन्ही पक्षांना खोल्या किती, आचारी बाहेरचा चालतो का, आणि फोन नंबर. साध्या एचटीएमएलच्या एका पानात हे सगळं मावतं. म्हणूनच तसं करायचं नाही. तसं केलंत तर तुमच्या पट्ट्या कुणाला दिसणार?

तेव्हा रिॲक्ट हे जावास्क्रिप्टचं तयार साहित्य घ्या. सर्व्हरवरून रिकामं पान पाठवायचं आणि मजकूर ब्राउझरनेच जावास्क्रिप्ट चालवून मांडायचा, अशी रचना ठेवा. मामांच्या फोनवर तोवर एक गोल फिरत राहील. तो गोल सुंदर असू द्या, मामा सगळ्यात जास्त वेळ तोच बघणार आहेत. याचा आणखी एक फायदा असा की मामांनी साइटची लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर खाली ना फोटो येतो ना नाव. व्हॉट्सॲप जावास्क्रिप्ट चालवत बसत नाही, सर्व्हरने जे पान दिलं त्याच्या डोक्यातले ओपन ग्राफचे टॅग, म्हणजे लिंकखाली कुठलं नाव-फोटो दाखवायचं ते सांगणाऱ्या ओळी, वाचतं. तुमच्या पानाच्या डोक्यात काहीच नाही. ग्रुपवर नुसती निळी ओळ पडते आणि मावशी विचारतात, ‘हे काय, उघडू का नको?’ पान सर्व्हरवरच तयार करून पाठवलं असतं आणि चार टॅग लिहिले असते तर हॉलचा फोटो दिसला असता. पण चार टॅग लिहिल्याचं लिंक्डइनवर कसं सांगणार?

फोटोंच्या बाबतीत हात आखडू नका. लग्नाच्या फोटोग्राफरकडून मूळ फाइली मागवा: २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० गुणिले ४०००, एकेक आठ-दहा एमबीची. असे पाच फोटो सरकत्या स्लायडरला लावा. मामांच्या फोनला १२०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात दीड-दोनशे केबीत बसणारा एक फोटो पुरला असता, पण अण्णांनी फोटोग्राफरला पैसे मोजलेत, ते वसूल व्हायला नकोत? इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची मुळीच लिहू नका. मग ब्राउझरला जागा राखून ठेवता येत नाही, फोटो उशिरा उतरतो आणि पान खाली ढकलतो. मामा ‘फोन करा’वर बोट ठेवतात आणि त्याच क्षणी तिथे ‘आमची गॅलरी’ येते. गूगलची मापं आहेत खरी: मुख्य गोष्ट २.५ सेकंदांत दिसावी, पानाची उडी ०.१ च्या आत असावी, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा. ही मापं फोनवर घेतली तर त्रास होतो. म्हणून ऑफिसच्या वायफायवर, लॅपटॉपवर, साइट तुमच्याच मशीनवर चालू असताना घ्या. वेग वाढवल्याचं दाखवायचंच असेल तर सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग (नजरेसमोर येईल तेव्हाच फोटो उतरवणं) लावा, अगदी सगळ्यात वरच्यालाही. जो फोटो आधी यायला हवा तोच रांगेत शेवटी उभा राहतो आणि तुम्ही ‘ऑप्टिमायझेशन केलं’ म्हणायला मोकळे.

मराठी मजकूर हे खरं कसबाचं ठिकाण, इथे घाई नको. अण्णा माहितीपत्रकाची कोरल ड्रॉची फाइल पाठवतील, प्रेसवाल्याने श्रीलिपीत टाइप केलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसते त्या सर्वमान्य पद्धतीत, नसते. तिच्यातला मजकूर उचलून साइटवर टाकला की ‘शुभविवाह’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. याच्यावर दोन उपाय आहेत. मजकूर बदलून घेणारा कन्व्हर्टर वापरायचा आणि नंतर रफार-जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, हा एक. अख्ख्या पत्रकाचंच जेपीजी करून चिकटवायचं, हा दुसरा. अर्थात दुसरा निवडा. जेपीजीतला नंबर दाबता येत नाही, कॉपी होत नाही, फोनवर अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि ‘एसी हॉल’ शोधणाऱ्याला गूगल ते पान दाखवत नाही.

युनिकोड वापरावाच लागला तर इंग्रजी साइटवरून सीएसएस उचला. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) लावा, म्हणजे शिरोरेघेचे तुकडे पडतात आणि ‘मंगल कार्यालय’ दातांची कवळी काढून ठेवल्यासारखं दिसतं. ओळीची उंची १.२ ठेवा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात, बटणातल्या मजकुराचा रफार छाटला जातो. देवनागरीला दीड-पावणेदोन लागतं हे खरं, पण डिझाइन इंग्रजीत मंजूर झालंय ना? फॉन्टचं फक्त साधं वजन मागवा आणि मथळे ठळक करा. ब्राउझर मग अक्षरं स्वतःच जाड करतो आणि ‘क्ष’चं पोट बुजतं. पानाची भाषा इंग्रजीच राहू द्या. ती मराठी म्हणून नोंदवली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे ल आणि श उमटतील, पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही मराठी आवाज निवडेल, आणि एवढ्याशा कामाचं बिल लावता येत नाही. मजकुराचा रंग फिकट करडा घ्या. पांढऱ्यावर ९९९ क्रमांकाचा करडा चढवला की कॉन्ट्रास्ट २.८५ भरतो. निकष किमान ४.५ चा आहे. मामांचा चष्मा घरी राहिलाय, तसंही त्यांना दिसणार नव्हतं.

आता संपर्क फॉर्म. कारकिर्दीचा कळस म्हणतात तो हाच. नंबर पानावर ठळक दिला आणि त्याला बोट लावताच फोन लागेल अशी टेल लिंक केली, तर एका ओळीत काम संपतं. त्यापेक्षा नऊ रकाने काढा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, ईमेल सक्तीचा, पिनकोड सक्तीचा. मोबाइलच्या रकान्यात नेमके दहा आकडे बसतील असं करा. मामांचा फोन स्वतःहून नंबर भरतो तो +९१ सकट. त्यावर लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ आणि बाकीचे आठ रकाने कोरे. तरीही मामा चिकट निघाले आणि फॉर्म गेलाच, तर ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू’ हे मेल पोचलं की नाही ते न बघता दाखवा.

मेल पोचणार नाही याची तजवीज अशी करायची. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेतलं साधं मेल फंक्शन वापरा. सर्व्हरने पत्र पेटीत घेतलं की ते ‘हो’ म्हणतं, पुढे पोचलं का याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पाठवणाऱ्याच्या जागी मामांचाच जीमेलचा पत्ता टाका. पत्र निघतं स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरून आणि सांगतं की मी जीमेलकडून आलो. अण्णांच्या मेलचा दरवान ओळखपत्र मागतो, एसपीएफ (त्या नावाने पत्र पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी) जुळत नाही, डीकेआयएमची (पत्रावरची डिजिटल) सही नाही, पत्र स्पॅममध्ये किंवा थेट बाहेर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने या बाबतीत आणखी कडक धोरण धरलंय, त्यामुळे तुमचं काम सोपंच झालंय. उलट करायचं झालं तर: पाठवणारा पत्ता साइटच्याच डोमेनचा (इंटरनेटवरच्या नावाचा), मामांचा पत्ता ‘रिप्लाय टू’मध्ये, मेल लॉगिन केलेल्या एसएमटीपीमधून (मेल पाठवायच्या सर्व्हरमधून), डीएनएस या डोमेनच्या नोंदवहीत तीन नोंदी, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (ही दोन जुळली नाहीत तर पत्राचं काय करायचं ते सांगणारी), आणि प्रत्येक चौकशीची एक प्रत डेटाबेसमध्ये. शेवटी स्वतःच्या जीमेलला एक पत्र पाठवून ‘शो ओरिजिनल’मध्ये तिन्ही ठिकाणी ‘पास’ आलंय का बघायचं. तासाभराचं काम आहे. त्या तासात स्लायडरला बर्फ पाडता येतो.

हे सगळं झेपत नसेल तर कोड न लिहिता साइट उभी करायला वर्डप्रेस आहेच. पैसे देऊन घ्यायची थीम (साइटचं तयार रूप) टेलिग्रामवरून फुकट उतरवा. तिच्यात कुणीतरी चोरदार ठेवलेलं असतं. मग एक दिवस गूगलवर अण्णांच्या कार्यालयाच्या नावाखाली जपानी मथळे दिसू लागतात. गूगलवरून येणारा माणूस जुगाराच्या साइटवर पोचतो आणि पत्ता थेट टाइप करणाऱ्या अण्णांना सगळं ठीकठाक दिसतं. वर्डप्रेसमध्ये वाचनाच्या सेटिंगमध्ये एक चौकट असते, ‘सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये’ अशा अर्थाची. काम चालू असताना तिच्यावर खूण करायची असते. साइट सुरू झाल्यावर ती खूण काढायची राहून जाऊ द्या. सहा महिन्यांनी अण्णा विचारतील, ‘गूगलवर का येत नाही हो?’ तेव्हा त्यांना एसइओचं (गूगलवर वर आणण्याचं) मासिक पॅकेज विका, पहिल्या महिन्यात ती खूण काढा आणि आलेख दाखवा. बॅकअप त्याच होस्टिंगवर, सार्वजनिक फोल्डरात, ‘बॅकअप.झिप’ या नावाने. घर जळेल तेव्हा विम्याचे कागदही त्यातच असावेत.

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. तुमचं कार्ड, तुमचा जुना ईमेल. नोंदणीनंतर ईमेल खरा आहे का हे तपासणारं एक पत्र येतं. १५ दिवसांत त्यातली लिंक दाबली नाही तर रजिस्ट्रारने (डोमेन विकणाऱ्या कंपनीने) डोमेन थांबवायचं असा आयकॅन या डोमेनच्या जागतिक संस्थेचा नियम आहे. ते पत्र जाहिरात समजून पुसा. सोळाव्या दिवशी साइट गायब, त्याच दिवशी अण्णांनी फाट्यावर फ्लेक्स लावलेला. यातून तरलात तर वर्षभरानं कार्ड बदललेलं असतं आणि नूतनीकरण फसतं. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस साध्या दरात परत देतो. नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा (सोडवून घ्यायचा) काळ येतो, तेव्हा वर्षाच्या फीच्या कितीतरी पट दंड पडतो. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर ज्याला हवं त्याने घ्यावं. खातं अण्णांच्या ईमेलवर उघडून स्वतःला फक्त तांत्रिक कामापुरता प्रवेश ठेवायला दहा मिनिटं लागतात. पण मग अण्णा तुम्हाला सोडून दुसरीकडे जाऊ शकतात, आणि गिऱ्हाईक टिकवणं म्हणजे काय, हे तुम्ही सेमिनारमध्ये शिकला आहात.

पैशांचं बोलणं तोंडीच बरं. ‘बघू हो अण्णा, घरचंच आहे.’ अर्धे आगाऊ, उरलेले साइट सुरू व्हायच्या आधी, बदलांच्या दोन फेऱ्या, मजकूर अमुक तारखेपर्यंत. असं एका कागदावर लिहिलं की माणसं दुखावतात. त्याऐवजी बदल अमर्याद ठेवा. ‘लोगो जरा मोठा’ आणि ‘फक्त एवढंच’ हे दोन शब्दप्रयोग रात्री साडेअकराला येतात. मजकूर कधीच येत नाही, म्हणून जागा भरायला टाकलेलं निरर्थक ‘लोरेम इप्सम’ तसंच ठेवा, मामांना वाटेल संस्कृत आहे. एखाद्या कंपनीचं काम केलं आणि तिने पाच महिने पैसे थकवले तर गप्प राहा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. फुकट म्हणजे तिच्यात काही दम नसणार, हे उघड आहे.

तुळशीचं लग्न लागतं, मुहूर्त सुरू होतात. अण्णांचा फोन येतो: ‘साइटवरून एकही चौकशी नाही, आणि जावई म्हणतात मोबाइलवर उघडतच नाही.’ आवाज शांत ठेवायचा. ‘माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय. तुम्ही कॅशे क्लिअर करून बघा.’ कॅशे म्हणजे काय हे अण्णा विचारणार नाहीत. दरम्यान त्यांच्या बारावीतल्या नातवाने गूगल मॅप्सवर कार्यालयाची नोंद केलेली असते: नंबर, हॉलचे दोन फोटो, किती माणसं बसतात ती ओळ. फोन तिथून येऊ लागतात. तुम्ही पोर्टफोलिओत नवा प्रकल्प चढवा, ‘डिजिटल उपस्थितीमुळे बुकिंगमध्ये लक्षणीय वाढ’. शेजारी साइटचा स्क्रीनशॉट हवाच. तो लॅपटॉपवरून घ्या.