चाळीस मिलिमीटर फुकट

खालच्या टोकाला ३८ मिलिमीटर जाड असलेली नळी ३४ मिलिमीटरच्या भोकातून जात नाही, हे कळण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. शाळेतील फूटपट्टी पुरते. तरीही सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, चुकीचा आल्यावर गेल्या आठवड्यात एका ऑनलाइन विक्रेत्याच्या ग्राहकसेवेतील गृहस्थाने मला अत्यंत मृदू आवाजात समजावले, की सर, टेपर्ड स्टीअरर (चिमट्याची फ्रेममध्ये जाणारी, खाली जाड होत गेलेली नळी) हा अपग्रेड असतो, तेव्हा तुमचा फायदाच झालेला आहे.

माझी सायकल हार्डटेल आहे, म्हणजे धक्के सोसण्याची सगळी जबाबदारी पुढच्या फोर्कवर आणि उरलेली माझ्या कंबरेवर. गोव्याची खारी हवा आणि डिचोलीच्या खाणरस्त्यांवरचा तांबडा चिखल यांनी मिळून जुन्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके उठवले, त्या ठिपक्यांनी सील खाल्ली आणि तेल गळू लागले. आमच्याकडच्या दुकानांत अख्ख्या सायकली मिळतात, सुटा फोर्क सहसा मिळत नाही, म्हणून तो मागवावा लागला. मागवताना पाच गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: चाक २९ इंची, ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची मर्यादा, १०० मिलिमीटर, स्टीअरर वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटरचा सरळ, ॲक्सल (चाकाचा आस) ९ मिलिमीटरचा, हाताने सुटणारा क्विक रिलीज आणि ब्रेकसाठी पोस्ट माउंट ही बैठक. आलेल्या खोक्यात १४० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, खाली जाड होत गेलेल्या टेपर्ड स्टीअररचा आणि १५ मिलिमीटर जाडीचा, ११० मिलिमीटर रुंदीचा बूस्ट ॲक्सल घेणारा एक देखणा फोर्क होता. खोक्यावर ‘सर्व माउंटन बाइकना बसतो’ असेही छापलेले होते.

म्हापशाच्या दुकानातील मेकॅनिकने तो फ्रेमजवळ धरला, हेडट्यूबमध्ये, म्हणजे स्टीअरर जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीत, डोकावून पाहिले आणि "पात्रांव, हो चिमटो भितर वचचो ना" एवढे बोलून तो दुसऱ्या सायकलच्या पंक्चरकडे वळला. प्रकरण तेथेच संपले असते. परंतु ते पंक्चर ज्यांच्या नातवाच्या सायकलचे होते, ते गृहस्थ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सगळे ऐकत होते आणि ते एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले होते.

"का जात नाही?" त्यांनी मला विचारले. मी सांगितले. "म्हणजे मागणी एक आणि पुरवठा दुसरा," असे म्हणून त्यांनी खिशातून विजेचे जुने बिल काढले, त्याच्या कोऱ्या बाजूवर पेनाने तीन उभ्या रेषा ओढल्या आणि रकान्यांना बाब, मागणी, पुरवठा आणि शेरा अशी शीर्षके दिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते निवृत्तीनंतर प्रथमच पसरले असावे.

"चाक?"

"एकोणतीस मागितले, एकोणतीस आले."

"शेरा, बरोबर. ब्रेक?"

"तोही बरोबर आहे, काका. पण बाकीचे तीन..."

"अनुक्रमाने जाऊ या."

स्टीअररपाशी त्यांनी बरोबर नेमका प्रश्न विचारला: भोक थोडे मोठे असते तर? मेकॅनिकने पंक्चरवरून मान न उचलता सांगितले, की हेडट्यूब आतून ४४ मिलिमीटरची असती तर खालची बेअरिंगची वाटी बाहेरून बसवून टेपर्ड फोर्कही चालवून घेता आला असता. ३४ ला इलाज नाही. काकांनी शेऱ्यात ‘३४, निरुपाय’ असे लिहिले. मग ॲक्सल. माझ्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, १०० मिलिमीटर रुंदीचा आहे, फोर्कच्या पायांमधले अंतर ११०. "दहा मिलिमीटरने काय होते?" हा प्रश्न त्यांनी केला, आणि मी जरा चढ्या आवाजात सांगितले, की दहा मिलिमीटरने हब बदलतो, हब बदलला की आरे पुन्हा विणावे लागतात, आणि ज्या चाकात काहीही बिघाड नाही ते चाक केवळ फोर्कची मर्जी राखण्यासाठी उलगडावे लागते. "खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकणार?" एवढेच त्यांनी विचारले.

खरी अडचण ट्रॅव्हलच्या ओळीवर आली. काकांना १०० आणि १४० हे आकडे कोठून कोठपर्यंत मोजतात ते हवे होते. ट्रॅव्हल म्हणजे फोर्क किती दबतो ते, हे त्यांनी मान्य केले. पण मग फ्रेमचे काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मी त्यांना ॲक्सलच्या मध्यापासून फोर्कच्या मुकुटावर जेथे बेअरिंग बसते तेथपर्यंतची लांबी दाखवली. एकाच मालिकेतल्या फोर्कमध्ये ट्रॅव्हल जितका वाढतो तितकीच साधारण ही लांबी वाढते, आणि ढोबळ हिशेब असा, की ती २० मिलिमीटरने वाढली की हेडट्यूब सुमारे एक अंशाने मागे कलते. चाळीसला दोन अंश. पुढची बाजू उचलली जाते, पॅडल जमिनीपासून वर जातात, सीट मागे सरकते, आणि चोर्ला घाटाच्या चढावर पुढचे चाक सरळ रेषा सोडून इकडेतिकडे भटकू लागते. उतारावर हीच सायकल अधिक धीट वाटेल, हेही खरे. परंतु हार्डटेलला मागे दबणारे काहीच नसते, त्यामुळे फोर्क खोल दबला की अख्खी सायकल नाकावर झुकते आणि तो कोन पुन्हा उभा होतो, आणि ट्रॅव्हल जितका जास्त तितका हा झोका मोठा. शिवाय लांब फोर्क म्हणजे लांब तरफ. १०० मिलिमीटर धरून बनवलेल्या फ्रेमच्या मानेवर प्रत्येक खड्ड्यात तिचा जोर पडतो, आणि म्हापसा ते डिचोली या रस्त्यावर खड्डे शोधावे लागत नाहीत.

एवढे सगळे ऐकून काकांनी स्वतःची पोलादी टेप काढली, मेकॅनिकला बाजूला व्हायला सांगितले आणि दोन्ही फोर्क शेजारी उभे करून मोजले. "अडतीस भरतात," ते म्हणाले. "दोन मिलिमीटर कमी पुरवठा." मग त्यांनी बेरीज केली: पाच बाबींपैकी दोन बरोबर, म्हणजे चाळीस टक्के. "पस्तीसला पास करतात. तुमचा फोर्क पास आहे की हो!"

हसावे की काय करावे ते मला कळले नाही, आणि खरे सांगायचे तर आजही कळत नाही. कारण ग्राहकसेवेतील त्या गृहस्थाचाही युक्तिवाद याहून वेगळा नव्हता. "सर, तुम्ही शंभर मागितले आणि आम्ही एकशेचाळीस दिले; चाळीस मिलिमीटर तुम्हाला फुकट मिळाले आहेत." शिंप्याने सदऱ्याच्या बाह्या वीतभर लांब शिवून कापड फुकट दिले म्हणून आभाराची अपेक्षा करावी, तसे हे बोलणे. जास्त म्हणजे चांगले, जाड म्हणजे मजबूत, रुंद म्हणजे आधुनिक, एवढ्या तीन समजुतींवर हा सगळा बाजार उभा आहे, आणि फोर्क हा सुटा दागिना नसून फ्रेमच्या भूमितीची एक बाजू आहे, हे सांगणारा ग्राहक त्यांना कटकट्या वाटतो.

पूर्वी सगळे सोपे होते असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो मी आवरतो, कारण ते खोटे आहे. पॉल टर्नर यांनी आपल्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा पहिला दबणारा फोर्क बाजारात आणला तो १९८९ च्या सुमारास, आणि त्याचा ट्रॅव्हल जेमतेम दोन इंच होता. परंतु त्या काळातही स्टीअरर एक इंची, सव्वा इंची आणि त्या दोहोंच्या मधला एक अष्टमांश जास्त असलेला, असे तीन प्रकारचे मिळत होते. मधला जिंकला. तोच हा माझा २८.६ मिलिमीटरचा सरळ स्टीअरर, आणि आता तोही हद्दपार होत चालला आहे. चाक २६ चे २९ झाले, ॲक्सल ९ चा १५ झाला, हब १०० चा ११० झाला. प्रत्येक बदलाला कारण होते आणि ते बहुधा खरेही असेल, मात्र प्रत्येक बदलाबरोबर चालत्या स्थितीतील असंख्य फ्रेम नुसत्या सुट्या भागाअभावी अडगळीत गेल्या, त्याचा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात छापला जात नाही. तो आमच्या पडव्यांत मात्र दिसतो.

दुकानातूनच ग्राहकसेवेला पुन्हा फोन लावला तेव्हा काकांनी तो माझ्या हातातून घेतला. "आपले पदनाम काय?" या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाने पलीकडचा आवाज बराच वेळ थांबला. नंतर काकांनी तक्ता वाचून दाखवला, शेऱ्यांसह. पलीकडून आधी अपग्रेडचे पुराण झाले, मग खोके उघडल्याची तक्रार झाली (न उघडता स्टीअरर मोजण्याची युक्ती मी त्यांना विचारली, तिला उत्तर मिळाले नाही), आणि शेवटी एक सूचना आली: आमच्याकडे टेपर्ड हेडट्यूबच्या फ्रेमसुद्धा आहेत, त्यावर सध्या सवलत चालू आहे.

काकांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. "प्रस्ताव वाईट नाही," ते म्हणाले. "चिमट्याला सायकल घ्या."

मी नकार दिल्यावर त्यांनी रीतसर तक्रार करायचे ठरवले. पत्राचा मसुदा त्यांनी त्या बिलाच्या उरलेल्या जागेत लिहिला. विषय, संदर्भ आणि ‘महोदय’ यांनी अर्धी जागा खाल्ली. मी तो घरी येऊन टंकून पाठवला. उत्तरात माझ्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार मानलेले आहेत आणि सेवेला पाचपैकी किती तारे द्याल असे विचारलेले आहे.

दरम्यान शेजारच्या एका मुलाने तो फोर्क विकत मागितला होता. त्याच्या नव्या फ्रेमला तो नीट बसतो. मी स्वतः मोजून पाहिले. पण काकांचा फोन आला आणि त्यांनी निक्षून सांगितले, की प्रकरण निकाली निघेपर्यंत मुद्देमाल जागेवरून हलवता येणार नाही, पोचपावतीची प्रत त्यांना हवी आहे, आणि स्मरणपत्र क्रमांक एक त्यांनी तयार करून ठेवलेले आहे. जुना फोर्क अजून तेल गाळतो आहे. त्याची नोंद कोणत्या रकान्यात घ्यायची, ते काका विचार करून कळवणार आहेत.