आधी परतीचा चढ बघा, मग ट्रेल निवडा

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची बहीण न्यू जर्सीहून येणार असते, कुणाचे आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले असतात. मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. "ताई, ग्रँड कॅन्यनला दोन दिवस आहोत. कुठला ट्रेल करू? नदीपर्यंत उतरून एका दिवसात वर येता येईल ना?"

नाही. उन्हाळ्यात तर अजिबात नाही. दरवर्षी एकेकाला सांगत बसण्यापेक्षा यंदा सगळं एकदाच इथे लिहून ठेवते.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. आधी चढ, मग माथा, मग उतार, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. चढताना दम लागला की कळतं, आता आवरतं घ्यावं. आणि एकदा मागे फिरलं की पुढचं सगळं सोपंच असतं. कॅन्यनमध्ये हा हिशेब उलटा होतो. गाडी लावता तीच माथ्यावर. साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, साधारण 7,000 फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. सकाळच्या गार हवेत, ताज्या पायांनी उतरायला सुरुवात होते आणि पावलं आपोआप पडत जातात. दमल्याचं कळतं तेव्हा तुम्ही खोल खाली असता, ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि अख्खा गड चढायचा बाकी असतो. त्यात जितकं खाली जाल तितकं तापमान वाढतं. वर 85 फॅरनहाइट असेल, तर खाली कोलोरॅडो नदीच्या काठी 105 च्या आसपास असतं.

मी हे 2011 च्या जूनमध्ये शिकले. नवरा आणि मी ब्राइट एंजल ट्रेलने थ्री-माइल रेस्टहाउसपर्यंत उतरलो. म्हणजे सुमारे 2,100 फूट खाली. आतकरवाडीतून सिंहगड चढतो, जवळपास तेवढीच उंची. पुण्यात असताना दर रविवारी सिंहगड करायचे, तेव्हा हे काय अवघड, असं वाटलं. नऊला निघालो, अकराला परत फिरलो. तहान लागेल तसं पाणी पीत होते. भूक नव्हती, म्हणून काही खाल्लं नाही. अर्ध्या वाटेत मळमळायला लागलं. मग बोटं इतकी सुजली की अंगठी फिरेना. डोकं दुखत होतं आणि नवरा काय विचारतोय ते नीट समजत नव्हतं. तेवढ्यात वाटेवर फिरणारी एक स्वयंसेविका थांबली. तिनं दोनच प्रश्न विचारले: किती पाणी प्यायलीस, आणि काय खाल्लंस? "तीन लिटर," मी म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

तिनं पाण्याची बाटली माझ्या हातातून काढून घेतली, सावलीत बसवलं, शर्ट ओला केला आणि खारे प्रेट्झेल एकेक करून खायला लावले. तासाभरानं मला उभं राहता आलं. घामातून मीठ जातं आणि आपण नुसतं पाणी पीत राहिलो तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, हे तिनं तेव्हा समजावलं. लक्षणं ऊन लागल्यासारखी वाटतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतं. तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये भडंग आणि खारे शेंगदाणे असतातच. भूक असो-नसो, दर थोड्या वेळानं मूठभर खायचंच.

आता ट्रेल कसा निवडायचा? अंतर बघू नका. सहा मैल आपण चालतोच की, हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. पाणी कुठे आहे, सावली कधी आहे आणि वर यायला किती फूट आहेत, एवढंच बघा. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. म्हणजे हातात सहा तास असतील तर दोन तासांनी मागे फिरायचं, मग समोर काहीही दिसत असो.

साउथ रिमवरून खाली जाणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत आणि दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. साउथ कैबाब डोंगराच्या धारेवरून उतरते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दरी उघडी दिसते. इतकं सुंदर दृश्य इतक्या थोड्या चालीत दुसरीकडे नाही, असं माझं मत आहे. पण धार म्हटली की सावली नाही, आणि पाणी तर सुरुवातीपासून नदीपर्यंत एक थेंब नाही. ब्राइट एंजल ही खडकात पडलेल्या भेगेतून, घळीतून उतरते. भूस्तर तिथे सरकून फुटलेले आहेत, म्हणूनच तर त्या कड्यांमधून खाली जायला वाट मिळाली. इथले मूळ रहिवासी हवासुपाई लोक ती वाट आपल्या कितीतरी आधीपासून वापरत होते. साडेचार मैलांवर झऱ्याच्या काठी त्यांची शेती होती, तिथून त्यांना हुसकावलं गेलं. त्या जागेला 2022 मध्ये हवासुपाई गार्डन्स हे नाव मिळालं. जुन्या ब्लॉगांवर आणि नकाशांवर वेगळं नाव दिसेल, पण कृपया हेच वापरा.

घळ असल्यामुळे ब्राइट एंजलवर सकाळ-संध्याकाळ सावली मिळते आणि मोसमात रेस्टहाउसच्या नळाला पाणी असतं. मात्र हे पाणी पलीकडच्या उत्तर बाजूच्या झऱ्यातून, 1960 च्या दशकात टाकलेल्या पाइपलाइनमधून येतं, आणि ती वारंवार फुटते. आदल्या संध्याकाळी पार्कच्या वेबसाइटवर नळ चालू आहेत का ते बघा, ट्रेलचा कुठला भाग बंद आहे का तेही बघा, आणि तरीसुद्धा नळ बंद असेल असं धरूनच पाणी न्या.

म्हणून माझं उत्तर मोसमाप्रमाणे बदलतं. एप्रिल किंवा ऑक्टोबर असेल आणि गुडघे धड असतील, तर पहाटेच्या शटलनं जाऊन साउथ कैबाबवर सीडर रिजपर्यंत. जाऊन-येऊन तीन मैल, चढ अकराशे फुटांच्या थोडा वर. मुलं लहान असतील तर त्याच वाटेवर अलीकडच्या ऊह आह पॉइंटवरून फिरा, दृश्यात काही कमी पडत नाही. जून ते ऑगस्टमध्ये फक्त ब्राइट एंजल, तोही पहिल्या रेस्टहाउसपर्यंत, आणि दहाच्या आत वर. दहा ते चार या वेळात ट्रेलवर राहू नका, असं रेंजर सांगतात. हर्मिट आणि ग्रँडव्ह्यू या वाटा पहिल्या भेटीत नकोतच.

एका दिवसात कैबाबनं खाली आणि ब्राइट एंजलनं वर, असे फोटो टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही महिनोन्‌महिने तयारी केली होती हेही सोबत लिहा. तुमचा फोटो बघून पुण्याहून आलेला कुणाचा तरी दीर दोन छोट्या बाटल्या घेऊन निघतो. गेल्या काही वर्षांत अशी दोन घरं मी जवळून पाहिली आहेत. दोघंही सुखरूप आले, पण ती रात्र घरच्यांनी पार्किंगमध्ये बसून काढली.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथेही मॉन्सून असतो. दुपारी ढग भरले की कड्यावरून आत या, विजा तिथेच पडतात. आणि त्याच ट्रिपमध्ये पेज या गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनला जाणार असाल, तर गाइड म्हणेल ते ऐका. 12 ऑगस्ट 1997 ला तिथल्या अरुंद घळीत अचानक आलेल्या पुरात 11 जणांचा जीव गेला. पाऊस मैलोगणती दूर पडला होता.

आता आई-बाबांबद्दल. "त्यांना चालवत नाही हो, त्यांना काय दाखवणार," असं लोक म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. वर रिम ट्रेलवर सपाट, बांधलेला एक पट्टा आहे, ट्रेल ऑफ टाइम. तिथला एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. यावापाई म्युझियमजवळ 'आज' आहे आणि तिथून चालत मागे जायचं. वाटेत ज्या त्या वयाच्या खुणेपाशी दरीतला तो तो दगड ठेवलेला आहे, हात लावून बघता येतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई आणि धाकटा भाऊ आले होते. आई 72 वर्षांची, एक गुडघा बदललेला. भावाला नदी हवी होती. सकाळी आम्ही दोघं कैबाबनं सीडर रिजला उतरलो. खालून खेचरांचा तांडा आला, तेव्हा आतल्या अंगाला सरून उभे राहिलो. धूळ बसल्यावर त्यानं खालची वाट बघितली, मग मान वळवून आपण आलो ती नागमोडी वाट वरपर्यंत बघितली. बराच वेळ बोलला नाही. मूठभर भडंग खाल्लं आणि म्हणाला, "चल ताई, फिरूया."

दुपारच्या आत आम्ही वर होतो, म्हणून चार वाजता त्याच्या पायांत आईबरोबर चालायचं त्राण होतं. आई काठी टेकत खुणा मोजत होती. नदीनं ही दरी कोरायला घेतलेला काळ पाच-सहा मीटरांतच संपला, यावर तिचा विश्वास बसेना. 66 मीटरवर मी तिला थांबवलं. "आई, इथे आपला सिंहगड झाला. सगळा सह्याद्रीचा लाव्हा या सुमाराचा." तिनं पुढे बघितलं. वाट दोन किलोमीटर जायची होती. कड्यावरचा सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण चुनखडीचा थरसुद्धा 270 मीटरवर.

"तू सकाळी कुठवर गेला होतास रे?" तिनं भावाला विचारलं. तो आमच्या पुढे भराभर चालत गेला, 280 पाशी ठेवलेल्या तांबड्या दगडाजवळ थांबला आणि त्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं आई, इथवर."