टाचेतलं इंजेक्शन आणि ‘वाढलेलं हाड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की, आईंना टाचदुखीसाठी टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसांत आराम पडला, मग ‘इंजेक्शन टाळाच, व्यायाम करा’ असं मी लेखात लिहून लोकांना दुखणं सोसायला का लावायचं? आणि एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतंय, ते व्यायामाने विरघळणार आहे का?

विरघळणार नाही, आणि विरघळायची गरजही नाही. हाडाचं असं वाढलेलं टोक टाच कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेत सापडतं. दुखणं थांबल्यावरही ते तिथेच असतं. दुखतो तो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. रात्रभर तो आखडलेला राहतो, सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं आणि कळ निघते.

‘टाळाच’ हा शब्द मात्र चुकला, तो बदलतो. पाऊल टेकवणंच अशक्य झालं असेल तर एखादं इंजेक्शन जरूर घ्यावं. पण त्याचा गुण बहुधा काही आठवड्यांचाच. पुन्हा पुन्हा घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, आणि झिजलेली गादी सहसा भरून येत नाही. मधुमेह असेल तर काही दिवस साखरही चढते. आईंचं दुखणं आत्ता कमी आहे, तेवढ्यातच व्यायाम सुरू करायला हवा.

पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान चाचपा : पट्टा ताणलेल्या दोरीसारखा लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर नुसती बोटंच वाकताहेत. 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा व्यायाम ताकदीचा, एक दिवसाआड. पायरीच्या कडेवर उभं राहून बोटांखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवायची, टाच अधांतरी. 3 सेकंदांत वर, 2 सेकंद तिथेच, 3 सेकंदांत खाली. 12 वेळांचे तीन सेट. दोनेक आठवड्यांनी पाठीवर पुस्तकांची सॅक घेऊन 10 वेळांचे चार, पुढे वजन वाढवून 8 वेळांचे पाच. आईंनी कठडा धरून दोन्ही पायांवर सुरुवात करावी, सॅक नंतर. घाईघाईने वर-खाली केलं तर पट्ट्यावर हवा तसा भार येतच नाही. आणि बहुतेकजण पंधरवड्यात सोडून देतात; फरक पडायला तीन महिने धरा.

ओट्याशी अनवाणी उभं राहणं आजपासून बंद. घरात वापरायला वेगळी, मऊ आणि टाच जरा उंच असलेली चप्पल घ्या. सहा महिन्यांनीही दुखत असेल तर शॉकवेव्ह (यंत्राने टाचेवर दाबलहरींचे ठोके देण्याचा उपचार), साधारण आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका. ऑपरेशन अगदी शेवटी.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. तळव्याला मुंग्या किंवा आग होत असेल तर नसेची तपासणी हवी. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठही अर्धा तास आखडत असेल, तर संधिवाततज्ज्ञ गाठा.

दुसरं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात ठरलंय, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्याने आराम असताना ते कशासाठी, हे तारखेआधी डॉक्टरांना विचाराच.