परदेशातून : गड्याला बोल लावण्याआधी गोठ्यात नळ द्या

मागच्या वर्षी इथे, नेदरलँड्समध्ये, माझं एक छोटं ऑपरेशन झालं. भरती करून घेताना नर्सने दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन महिन्यांत परदेशातल्या दवाखान्यात राहिला होतात का? डुकरांच्या किंवा वासरांच्या फार्मवर राहता किंवा काम करता का? महिन्यापूर्वीच सोलापुरात डेंग्यूने चार दिवस सलाइनवर काढले होते, ते सांगितलं. लगेच मला वेगळ्या खोलीत हलवलं, नाकातला-घशातला नमुना घेतला. मला फार लागलं ते. तेव्हा नर्स म्हणाली, "वासरं पाळणाऱ्या आमच्या शेतकऱ्यालाही आम्ही असंच ठेवतो."

कारण इथे साधारण २००४ पासून डुकरं पाळणाऱ्यांच्या अंगावर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू, सापडू लागला. पुढे वासरांच्या फार्मवरही तो निघाला.

त्याच आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळहून दादाचा फोन. एका गायीला दगडी झाली होती, कास दगडासारखी. "मेडिकलातनं अँटिबायोटिकची सुई आणली, टोचली. दोन दिसांनी उतार पडला, मग बंद केली." दूध? "डेअरीला घातलं की. एवढं ओतून द्यायचं व्हय?"

आपल्याकडे दुधावरून भांडणं होतात ती दराची आणि भेसळीची. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेही आंदोलनं झाल्यावर. ती भांडणं खरी आहेत, माझ्या घरातली आहेत. पण धार काढणाऱ्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. बोललंच तर "गडी घाणेरडे" एवढंच, आणि ते ऐकून मला चीड येते. आमचा गडी पहाटे चारला उठून दहा गायींच्या धारा काढतो. बादलीभर पाणी, एकच फडकं. त्याच फडक्याने दहाही कासा पुसतो, आणि एकीच्या सडातला जंतू पुढच्या नऊ जणींकडे जातो. त्याच हाताने तो घरी जाऊन लेकराला घास भरवतो. दूध उकळलं की त्यातले जंतू मरतात. हातावरचे, चपलेच्या शेणातले मरत नाहीत. आणि उकळून औषधाचा अंशही पुरता जात नाही.

इथले गडी जात्या स्वच्छ आहेत असं कुणी समजू नये. इथे गोठ्यात नळ आहे, साबण आहे, बूट मालकाने द्यायचे असतात. फार्मला ठरलेला पशुवैद्य असतो, किती औषध वापरलं त्याची नोंद होते. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध काढणं थांबवताना, सडात सरसकट अँटिबायोटिक भरणं बंद झालं. २००९ पासून जनावरांच्या अँटिबायोटिक्सची विक्री ७० टक्क्यांहून जास्त उतरली आणि दुधाचा धंदा बुडाला नाही.

मोहोळकडे उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट बघावी लागते. तिथे गड्याला "हात धू" म्हणणं सोपं आहे. पाणी, साबण, प्रत्येक गायीला वेगळं फडकं, धारेनंतर सड बुडवायला आयोडीन, हा खर्च मालकाचा आणि डेअरीचा आहे. फॅटवर दर ठरतो, तसा स्वच्छ गोठ्यावरही लिटरमागे काही मिळायला हवं. आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय सुई देऊ नये. कायदा आहेच, तो पाळायचा आहे.

दादाशी मी तीन-चारदा भांडले. आता गोठ्याच्या दाराशी तोटीचं बॅरल आहे, साबणाची वडी टांगलेली आहे. धार काढली की लगेच वैरण टाकतात, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत गाय खाली बसत नाही. दुखणेकरी गाय शेवटी पिळतात, सुई चालू असेतो आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध डेअरीला जात नाही. ते वासराला पाजतात. त्याच्या पोटातले जंतूही तेच औषध पचवायला शिकतात आणि शेणातून बाहेर पडतात, हे मी सांगितलं. दादा म्हणाला, "वासरू उपाशी ठेवू का?" त्यावर आमचं अजून मिटलेलं नाही.