मोहेंजोदडोची मुद्रा नको, सहावा अध्याय द्या

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २१ जूनचा योग दिन जवळ आला की तोच वाद पेटतो. योग ५००० वर्षांचा, पाश्चात्त्यांनी तो पळवला आणि आता आपल्यालाच विकतायत. पुरावा म्हणून मोहेंजोदडोची ती मुद्रा, म्हणजे जुना शिक्का, येतेच, पाय दुमडून बसलेल्या शिंगवाल्या आकृतीची. मी अमेरिकेत, अलाबामात राहतो. यातली निम्मी तक्रार मला मनापासून पटते.

इथल्या राज्य शिक्षण मंडळानं १९९३ साली सरकारी शाळांत योगावर बंदी घातली. ती २०२१मध्ये उठली, पण कशी? आसनांना फक्त इंग्रजी नावं द्यायची. मंत्र नको, हातांच्या मुद्रा नको, ‘नमस्ते’ तर नकोच. म्हणजे मुलांनी अंग वाकवायचं, पण हे आलं कुठून ते त्यांच्या कानावर पडता कामा नये. याचा मला राग येतो.

आता उरलेली निम्मी बाजू. मोहेंजोदडोच्या त्या शिक्क्यावरची लिपी अजून कुणालाही खात्रीनं वाचता आलेली नाही. बसण्याच्या ढबीवरून ती आकृती योगी ठरवणं हा अंदाज झाला, आणि आपल्याला अंदाजावर विसंबायची गरजच काय? पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला मोजून तीन सूत्रं आहेत. श्वास-प्रश्वासाची गती थांबवणं म्हणजे प्राणायाम, ही व्याख्या त्यानंतर लगेच येते. बंध (शरीराचा ठरावीक भाग आवळून धरणं) आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) यांचा बारीक तपशील पुढं कित्येक शतकांनी हठयोग्यांनी मांडला. (सूर्यनमस्कार घरोघरी पोचवले ते तर औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी, गेल्या शतकात.) आणि मराठी माणसानं अभिमानानं सांगावी ती गोष्ट ग्रुपवर कधीच येत नाही : ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. मूळबंध, जालंधर, वोढियाणा (म्हणजे उड्डियान) हे बंध, कुंडलिनीचं जागणं, सगळं १२९० साली मराठी ओव्यांत. हठप्रदीपिका (हठयोगावरचा संस्कृत ग्रंथ) त्यानंतरची, पंधराव्या शतकातली. नाथपंथाचं हे ज्ञान गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांकडे आलं, ही परंपरा ज्ञानेश्वर स्वतः सांगतात.

हा काथ्याकूट वाटेल, पण श्वासाच्या बाबतीत त्याला फार महत्त्व आहे. इथल्या एका वर्गात मी पाहिलं : नवखी माणसं, पहिलाच दिवस, अंगठ्यानं उजवी नाकपुडी दाबलेली, आणि शिकवणारी म्हणतेय, ‘धरा, अजून धरा.’ माझ्या शेजारच्या बाईंचा चेहरा लाल झाला, खांदे कानांपर्यंत चढले. प्राणायाम कुठून आला, हे त्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यासोबत आलेली ताकीदही गाळली गेली होती. हठप्रदीपिकेत स्पष्ट म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो.

जुनं आहे म्हणून मानून न घेता तपासायची सवयही आपल्याच मातीतली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, आणि उड्डियान (पोट आत ओढून धरणं), नौली (पोटाचे स्नायू फिरवणं) करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. त्याच वर्षी निष्कर्ष छापायला त्रैमासिकही सुरू केलं. पुढं याच संस्थेनं हस्तलिखितं ताडून हठप्रदीपिकेची संपादित आवृत्ती काढली. एवढं सगळं पुण्याहून तासा-दीड तासावर असताना आमचे काका-मामा फॉरवर्ड केलेल्या चित्रावर भांडतात, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून ग्रुपवरच्या सगळ्यांना विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये ती मुद्रा नको, सहाव्या अध्यायातल्या ओव्या टाका, अर्थासकट. इथं शाळेच्या मंडळापुढं बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, ‘कशावरून?’ तिथं ५००० वर्षांचा दावा माझ्या कामाचा नाही. १२९० सालचा ग्रंथ मात्र मी टेबलावर ठेवू शकतो.